एक बोट वर

धम्मपालची संघप्रिया दहावीला होती त्या वर्षी, म्हणजे २०२३च्या जानेवारीत, माझ्या डाव्या छातीतली गाठ काढली. धम्मपाल माझा मुलगा, संघप्रिया नात. घरात परीक्षेचं एवढं टेन्शन होतं की माझ्या गाठीसाठी रडत बसायला कुणाला सवड नव्हती. ते बरंच झालं. रडणारी माणसं मला चालत नाहीत. ती स्वतःसाठीच रडत असतात आणि पाणी मात्र आजाऱ्याकडून मागून पितात.

गाठ लिंबाएवढी होती. खारघरच्या मोठ्या हॉस्पिटलात काढली. छाती ठेवली, गाठ तेवढी काढली, आणि काखेतल्याही काही बारीक गाठी तपासायला काढल्या. आठ दिवस कुशीतून एक नळी आणि नळीला बाटली. सुनेनं, अस्मितानं, उशीच्या जुन्या अभ्र्याची पिशवी शिवून दिली. ती गळ्यात अडकवून, आत बाटली ठेवून मी कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये फिरायची. भेटायला येणारे आधी त्या पिशवीकडे बघायचे, मग चटकन आणलेल्या केळ्यांकडे. सगळ्यांनी केळीच आणली. शेजारची बाळाबाई, साताऱ्याकडची, काळा दोरा घेऊन आली.

"दंडाला बांधा मावशी. दिष्टीचं हाय."

"डॉक्टरांना दाखवते," मी म्हटलं. "पुढच्या वेळी टाके याच दोऱ्याचे घाला म्हणते."

पंधरा दिवस ती फिरकली नाही. दोरे, गंडे, नवस आमच्या लोकांनी सोडले ते मी जन्मायच्या वर्षभर आधी. माझ्या आयुष्यात त्यातलं काही नव्हतं. हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहायचं आहे ते वाचून कुणी मला बाळाबाईच्या ओळीत बसवू नये.

नळी निघाली त्या दिवशी हॉस्पिटलातली व्यायाम शिकवणारी मुलगी, मंजुषा, मला भिंतीपाशी घेऊन गेली.

"आजी, डाव्या हाताची बोटं भिंतीवर टेकवायची. कोळी चढतो तशी एकेक वर चालवायची. जिथं थांबतील तिथं पेन्सिलीनं खूण करायची. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर एक बोट. बोटांना पावडर लावा, म्हणजे सरकतील."

"आणि नाही चढली तर?"

"तर लाइट, म्हणजे रेडिएशन, देता येणार नाही. त्या मशीनवर हात डोक्यावर घेऊन झोपावं लागतं. हात कानाला लागलाच पाहिजे."

तारीख मिळाली चौदा मार्चची. लाइट घेतले नाहीत तर तीच गाठ परत येऊ शकते, हे डॉक्टरांनी धम्मपालला बाहेर बोलावून सांगितलं. मी दाराआडून ऐकलं. म्हणजे मामला सरळ होता. हात वर गेला तर मी जगणार.

माझी खोली मागची. दिवाळीला धम्मपालनं तिला पिस्त्याच्या रंगाचा हात दिला होता. पलंग आणि लोखंडी कपाट यांच्या मधली दीड हात भिंत मोकळी होती. तळोज्याकडून वारा आला की जळक्या रबरासारखा वास यायचा, म्हणून खिडकी बंदच असायची. महामार्गावरून न्हावा शेव्याचे ट्रेलर गेले की काच बारीक आवाज करायची. त्या भिंतीसमोर संघप्रियानं मला उभं केलं, आधी उजवा हात पूर्ण वर करायला लावला आणि पट्टी धरून रेघ मारली.

"ही तुझी फिनिश लाइन."

मग डावा. तो जेमतेम खांद्याच्या खाली अडकला.

"आजी, गॅप खूप आहे."

"तुझ्या गणितात आहे त्याहून कमी आहे."

ती हसली नाही. अभ्यासाला गेली. पुढच्या खुणा मीच करायची, खुणेशेजारी तारीख लिहायची. लिहायला मी पन्नाशीनंतर शिकले, तुर्भ्याच्या विहारातल्या वर्गात. दिवसभर मार्केटात लसूण निवडायचा आणि संध्याकाळी तीच बोटं धुऊन पाटीवर गिरवायचं. माझा पाच अजून नीट वळत नाही, पण तो माझा पाच आहे, कुठेही ओळखू येतो.

रोज सकाळी दहाला, सगळे बाहेर पडले की मी भिंतीसमोर उभी राहायची. काखेत दोरी ताणल्यासारखं व्हायचं. डोळ्यांत पाणी यायचं ते येऊ द्यायची, बघायला कुणी नव्हतं. एक बोट वर. खूण. तारीख.

सातव्या दिवशी, तीस जानेवारीला, माझ्या फिनिश लाइनच्याही वर वीतभर अंतरावर चार बोटांचे डाग दिसले.

तेलकट होते. तेलाचं बोट रंगावर टेकवलं की होतो तसा गडद, ओला डाग. मी स्टुलावर चढून नीट पाहिलं. डावा हात. तीन बोटं पुरी आणि अंगठ्याजवळचं बोट आखूड, पेरभर कमी.

मी अस्मिताला विचारलं.

"आई, माझ्याकडे एवढा टाइम आहे का? सकाळी डबे, मग ऑफिस. भिंतीला तेल कशाला लावू मी?"

"मग कुणी लावलं?"

"ओल असेल. सोसायटीवाल्यांना सांगा."

धम्मपालही ओलच म्हणाला. त्याला काहीही दाखवलं की तो ओल म्हणतो, म्हणजे पुढचं काम सोसायटीचं होतं. मी फडकं साबणात बुडवून डाग पुसला. दुसऱ्या दिवशी दहाला खोलीत गेले तर डाग पुन्हा होता, आधीच्या जागेपेक्षा दोन-अडीच बोटं खाली. मी तोही पुसला. तिसऱ्या दिवशी तो आणखी खाली होता.

मी घाबरले नाही. मला राग आला. कुणीतरी माझी चेष्टा करत होतं. आजारी म्हातारी भिंतीवर चढते, म्हणून तिच्यासमोर कुणीतरी उतरून दाखवत होतं. मी दिवसभर खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला. दुसऱ्या सकाळी बाहेर पडताना उंबऱ्याच्या आतल्या बाजूला तांदळाचं पीठ भुरभुरलं आणि पुन्हा कुलूप घातलं. दहाला कुलूप काढलं तर पीठ तसंच होतं आणि डाग दोन बोटं खाली.

"आजी," अभ्यासासाठी घरी राहिलेली संघप्रिया मागून म्हणाली, "ही दुसरी बोटं कुणाची?"

म्हणजे तिलाही दिसत होती. मला बरं वाटलं. निदान माझे डोळे जाग्यावर होते.

आठवड्याभरात डाग माझ्या कपाळाजवळ उतरला आणि मला वास आला. करडईच्या तेलाचा. आमच्या घरात पिशवीतलं सूर्यफुलाचं तेल येतं. करडईचं तेल मी चाळीस वर्षांपूर्वी एका घरात सोडलं होतं. ते आखूड बोटही त्याच घरात होतं. कडबा कापायच्या यंत्रात पेर गेलं तेव्हा मीच चिंधी बांधली होती.

गिरजाबाई. माझी थोरली जाऊ.

परतूरजवळच्या गावात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. गिरजाबाई उंच, पुरुषासारखी. मी तिच्या दंडापर्यंत. तिनं भाकरीचं शिंकं आढ्याला टांगलं ते स्वतःच्या हाताच्या मापानं. माझा हात त्याला कधी पुरला नाही. अकरा वर्षं. भूक लागली की मला तिला सांगावं लागायचं. ती लगेच उठायची नाही. आधी म्हणायची, "हात पुरंना व्हय गं? बुटकी ती बुटकी. मी हाय की काढून द्यायला." आणि मग सगळ्यांदेखत एक हात वर करून, टाचही न उचलता, भाकरी काढून द्यायची. माझा नवरा मारोती हे ऐकून हसायचा. तो गेल्यावर मी धम्मपालला घेऊन मुंबईकडे आले ती कामासाठी आले असं लोक म्हणतात. मी शिंक्यासाठी आले.

मी लिहायला शिकले हे तिला कळलं तेव्हा ती म्हणाली होती, "आता काय कलेक्टर व्हती काय?" तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. मी ते विसरले नव्हते आणि विसरायचं कारणही नव्हतं.

तर ती माझ्या भिंतीवर होती. कशी, ते मला ठाऊक नाही. मी तेव्हा विचार केला तो एवढाच, की ती खाली येत होती आणि मी वर जात होते.

मी डाग पुसायचं सोडून दिलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रिपोर्ट आला. गाठ वाईट होती, पण काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ होत्या. डॉक्टर म्हणाले, लाइट झाले की बऱ्या व्हाल. तेरा तारखेला सकाळी माझी बोटं आणि तिची बोटं एका उंचीवर आली, हनुवटीच्या थोडी वर. मी माझी खूण करायच्या आधी थोडी थांबले. शेजारी शेजारी दोन हात, माझा पावडरीचा, तिचा तेलाचा. त्या जागी भिंत कोमट लागली, माणसाच्या अंगासारखी. उन्हाची भिंत नाही ती, पलीकडे जिना आहे.

"काय गं," मी मोठ्यानं म्हटलं, "हात पुरंना व्हय?"

आणि एक बोट वर गेले.

त्याच आठवड्यात गावाहून फोन आला. अरुणाचा, गिरजाबाईच्या मुलीचा. नवरा वारल्यापासून ती आईजवळच असते.

"काकू, तुमची तब्येत कशी हाय?"

"बरी. तुझी आई?"

"तिचंच सांगते. तिचा डावा हात वर जाईना. पंधरा दिस झाले. आधी शिंक्याला पुरंना, आता येनी घालाया बी पुरंना. तेल चोळते रोज. जालन्याला दाखवलं, फोटो काढले. डॉक्टर म्हनला, काईच नाही."

"म्हातारपण," मी म्हटलं.

"म्हातारपन असं रोज दोन बोटं खाली येतं का काकू?"

मी फोन कानापासून लांब धरला. मग म्हटलं, "टीव्ही लागलाय, ऐकू येत नाही," आणि ठेवून दिला. टीव्ही बंद होता.

वीस तारखेला मला ताप आला. काखेतला टाका पाणी सोडायला लागला होता. हॉस्पिटलात नेलं, औषध दिलं. मंजुषा म्हणाली, "तीन दिवस हात हलवायचा नाही. आणि आजी, चौदाची तारीख पुढे ढकलायची असेल तर सांगा. आठवडा-दोन आठवडे चालतात. काही बिघडत नाही."

हे तिनं सांगितलं होतं. ते मी लपवणार नाही.

तीन दिवस मी पलंगावर पडून होते. भिंत डोळ्यांसमोर. पहिल्या दिवशी डाग जिथं होता तिथंच दुसऱ्या दिवशी होता. तिसऱ्या दिवशीही तिथंच. बोटाच्या रेषाही हलल्या नव्हत्या.

तिसऱ्या संध्याकाळी अरुणाचा फोन आला. आवाज हलका होता.

"काकू, आई उठून बसली. भाकरी मागितली तिनं. तुमची लई आठवन काढते. सुंदरी कशी हाय म्हनते."

"सुंदरी?"

"व्हय. सुंदरीच म्हनली."

अकरा वर्षांत ती मला कधी माझ्या नावानं, सुंदरी, म्हणाली नव्हती; बुटकीच म्हणायची. मी हो-ला हो केलं. फोन ठेवल्यावर अस्मिता म्हणाली, "आई, चेहरा असा का? वाईट बातमी आहे का?"

"नाही. जाऊबाई बऱ्या आहेत."

"मग चांगलंय ना."

मी तिला पाणी आणायला पाठवलं.

तेवीस तारखेला ताप उतरला. दहा वाजता मी भिंतीसमोर उभी राहिले. बोटांना पावडर लावली. खरं सांगायचं तर मला सगळं समजलं होतं. मी मूर्ख बाई नाही. लसणाच्या गोणीत हात घातला की तळाशी सडकं आहे का हे मला वरूनच कळायचं. पण समजणं वेगळं आणि मानणं वेगळं. असल्या गोष्टी मानायच्या तर मग बाळाबाईचा दोरा काय वाईट होता? भिंतीवरच्या डागाला भिऊन मी औषधपाणी थांबवायचं? आमच्या लोकांनी हे सगळं नदीत सोडून दिलं ते कशासाठी?

असं मी स्वतःला सांगितलं. फार चांगलं सांगितलं. टाळ्या पडाव्यात असं.

आणि एक बोट वर गेले.

दुसऱ्या सकाळी डाग अडीच बोटं खाली होता.

त्यानंतर मी एकही दिवस चुकवला नाही. काही दिवशी दोन बोटं चढले. मंजुषा म्हणाली, "आजी, कमाल आहे. तापानंतर एवढं कुणी भरून काढत नाही." मी तिला सांगितलं, माझी मेहनत आहे.

संघप्रियाचा मराठीचा पेपर होता त्या दिवशी, दोन मार्चला, अरुणानं पुन्हा फोन केला. मागे गाय हंबरताना ऐकू आली.

"काकू, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"तुमी तिकडं काय करताव?"

"काय करते म्हणजे?"

"मला काय ठाव नाही. आई म्हनते, सुंदरीला सांग, जरा दम खा. एवढंच म्हनते. दिसभर तेच. आता कुशीवर बी वळता येईना तिला."

डाग तेव्हा माझ्या गुडघ्याच्या वर वीतभर होता. मी पलंगावर बसले होते, तो समोरच होता.

"तिला सांग," मी म्हटलं, "माझ्या हाताला मशीनची तारीख आहे."

"म्हंजी?"

"तिला कळेल."

मग आतून, लांबून, कुणीतरी काहीतरी विचारलं आणि अरुणानं फोनवर हात ठेवून उत्तर दिलं. मला फक्त तिचा शेवटचा शब्द ऐकू आला. "नाही म्हनते."

मी नाही म्हटलं नव्हतं. पण मी ते दुरुस्तही केलं नाही.

पुढचे बारा दिवस घरात संघप्रियाच्या पेपरांखेरीज दुसरा विषय नव्हता. सकाळी धम्मपाल तिला केंद्रावर सोडायचा, अस्मिता देवळाबाहेर थांबल्यासारखी शाळेबाहेर थांबायची. मी घरी एकटी. माझी खूण फिनिश लाइनच्या खाली चार बोटं. मग तीन. तिचा डाग गुडघ्याच्या खाली. मग पोटरीवर.

वास वाढत गेला. अस्मिता म्हणाली, "आई, कुठलं तेल लावता? सगळ्या उशांना लागलंय."

मी काही लावत नव्हते.

चौदा मार्चला सकाळी लवकर निघायचं होतं. नऊची वेळ होती. म्हणून मी त्या दिवशी दहाऐवजी साडेसहालाच भिंतीसमोर उभी राहिले. बाहेर उजाडलं होतं. दूधवाला जिना उतरत होता.

माझी खूण रेघेपासून एका बोटावर होती.

तिचा डाग फरशीच्या पट्टीला टेकला होता. चारही बोटं आडवी. चढणाऱ्या-उतरणाऱ्या हाताची नव्हेत. पडलेल्या हाताची.

मी खाली वाकले नाही. वाकून बघायला हवं होतं असं आता वाटतं.

बोटं चालवली. काखेतली दोरी ताणली गेली आणि मग, पहिल्यांदाच, सुटली. दुखलं नाही. हात आपोआप वर गेला. रेघेवर.

मी खूण केली. तारीख लिहिली. घड्याळाकडे पाहिलं आणि का कोण जाणे, वेळही लिहिली.

मशीनवरच्या मुलीनं माझा हात डोक्यावर घेतला. तो कानाला लागला. "एकदम परफेक्ट, आजी," ती म्हणाली. बाहेर आले तर धम्मपाल फोन हातात धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. मी त्याला बोलू दिलं नाही. आधी चहा पाज म्हटलं.

रविवारी जलदान विधीला आम्ही गावी गेलो. भन्तेजी येऊन गेले, लोक जेवले, पांगले. मग अरुणा मला मागच्या खोलीत घेऊन गेली. तिची आई जिथं पडून होती तिथं. बाज उभी करून ठेवली होती. शिंकं आढ्याला तसंच होतं, त्याच उंचीवर.

बाजेशेजारची भिंत नीळ घातलेल्या चुन्यानं रंगवलेली होती.

भिंतीवर पांढरी बोटं होती. चार पुरी बोटं, लहान हाताची. खालपासून वर, एकावर एक, शिडीसारखी. मी बोट लावून पाहिलं. पावडर होती. माझ्याच पावडरीचा वास.

प्रत्येक खुणेशेजारी कोळशाची एक रेघ ओढलेली होती. अक्षर येत नसलेल्या माणसाची, वाकडी.

"कुनी केलं हे आमाला ठाव नाही," अरुणा म्हणाली. "रोज सकाळी नवी दिसायची. आई म्हनायची, ही सुंदरी हाय. चढू द्या तिला, तिची गाठ काढली हाय. रोज बघायची आन शेजारी रेघ मारायची. हात वर जाईना झाला तेव्हा मला वढाया लावायची."

एका जागी, कपाळाच्या उंचीवर, पांढरी खूण एकच होती आणि तिच्याजवळ रेघा तीन होत्या.

मी विचारलं नाही. अरुणानं आपणच सांगितलं.

"ते तीन दिस तुमी थांबला होताव. आई उठून बसली. भाकरी खाल्ली. मला म्हनली, बघ, थांबली का नाही. मी अकरा वर्सं तिला भाकरीसाठी हात पसराया लावला, तरी थांबली. मानूस मोठं हाय म्हनली."

मी त्या तीन रेघांवरून बोट फिरवलं.

"चौथ्या दिवशी वरची खूण उमटली, तर तिनं रेघ मारू दिली नाही. राहू दे म्हनली. पलीकडं तोंड केलं आन पुन्हा भाकरी मागितली नाही."

त्या चौथ्या दिवसाच्या खुणेपासून वर, आढ्याच्या दिशेनं, एकाही खुणेशेजारी रेघ नव्हती. सगळ्यात वरची खूण शिंक्याच्या दोरीजवळ होती. भाकरी काढता येईल इतक्या उंचीवर.

मला ताप आला होता, टाका पाणी सोडत होता, म्हणून मी थांबले होते. हे मी अरुणाला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. इथं लिहिते आहे.

माझे पंचवीस लाइट झाले. पुढच्या वर्षीचे फोटो स्वच्छ आले, त्याच्या पुढच्या वर्षीचेही. कामोठ्याच्या भिंतीवरचा तेलाचा डाग त्याच दिवशी गेला. माझी शेवटची खूण मात्र मी रंगवू दिलेली नाही. तिच्याशेजारी माझ्या अक्षरात तारीख आणि वेळ आहे.

माझी थोरली जाऊ गिरजाबाई मंगळवारी, चौदा मार्च २०२३ रोजी, सकाळी साडेसहा वाजता वारली.